पहिला सीटी बरा होता, मग सूज आली कुठून?

सीटी स्कॅनच्या मशीनवर काम करतो म्हटलं की डोक्याला जबर मार लागलेल्या पेशंटचे नातेवाईक हमखास गाठतात आणि फिरून फिरून एकच विचारतात, पहिल्या दिवशी स्कॅनमध्ये फारसं काही नव्हतं, मग तिसऱ्या दिवशी मेंदूला सूज कशी काय आली, आधी कोणाला दिसली नाही का? तुम्हीही तेच विचारलंत म्हणून लिहितोय. रिपोर्ट देणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्टचं, हे आधीच सांगून ठेवतो.

दिसली नाही कारण तेव्हा ती पुरती आलेलीच नव्हती. डोकं आपटलं त्या क्षणी रक्तस्राव सुरू होतो, काही भाग चेंगरतो, पण खरा घोळ पुढे चालतो, पेशींमधले पंप बंद पडतात, सोडियम आत शिरतं आणि त्याच्यामागे पाणी, शिवाय बारीक रक्तवाहिन्या गळायला लागून पेशींच्या मधेही पाणी झिरपतं, आणि हे सगळं बरेचदा तिसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत वाढतच जातं.

एका काकांच्या पुतण्याच्या रिपोर्टमध्ये 'डेन्सिटी कमी' असं होतं, तर ते घाबरून विचारत होते की मेंदू विरघळतोय का हो? तसं नसतं. सीटीला फक्त एक्स-रे किती अडला तेवढं कळतं. त्याच्या मोजपट्टीवर पाणी म्हणजे शून्य, हवा उणे हजार, मेंदूचा बाहेरचा राखाडी थर साधारण ३५ ते ४०, आतला पांढरा भाग २५ ते ३०, ताजं साकळलेलं रक्त ६०-७०. (ही पट्टी हाउन्सफील्डच्या नावाची, सीटीसाठी १९७९ चं नोबेल मिळालं तोच.) मेंदूत एक टक्का पाणी वाढलं तरी आकडा दोन-तीनने उतरतो, 'डेन्सिटी कमी' म्हणजे एवढंच. माऊसने छोटं वर्तुळ काढलं की आकडा येतो, काल ३७ होता तिथे आज ३०, नुसत्या डोळ्यांना तो फरक जेमतेम दिसतो, कॉन्ट्रास्ट ताणून बघावं लागतं, मग राखाडी आणि पांढऱ्यामधली रेघ पुसट झालेली कळते.

पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. कधीकधी, लहान मुलांमध्ये विशेष, मेंदू रक्ताने तुंबून फुगतो आणि आकडा फारसा हलतच नाही. म्हणून मी आधी काळ्या जागा बघतो. घड्यांमधल्या खाचा, मेंदूच्या देठाभोवतीचं पाणी. त्या बुजल्या की पोटात गोळा येतो. कवटी काही ताणली जात नाही, आत मेंदू, रक्त आणि पाणी एवढंच, एक वाढलं की दुसऱ्याला जागा सोडावी लागते, हे मन्रो आणि केली यांनी दोनशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय. पाणी आणि रक्त सरकून संपलं की मात्र कवटीतलं प्रेशर झपाट्याने चढतं. एरवी ते (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) १५ च्या खाली असतं, २२ च्या वर टिकून राहिलं की डॉक्टरांची धावपळ सुरू. पलंगाचं डोकं ३० अंश वर, मेंदूतलं पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल किंवा जास्त मिठाचं सलाईन, आणि तेवढ्याने भागलं नाही तर कवटीचा तुकडा काढून ठेवतात. तो कधी फ्रीजरमध्ये, कधी पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली, म्हणून पोटावर टाके बघून घरचे गोंधळतात.

सूज आहे तर स्टेरॉइड का देत नाहीत, हेही विचारतात. दिलं होतं पूर्वी. मग दहा हजारांहून जास्त पेशंटवर केलेल्या क्रॅश नावाच्या ट्रायलमध्ये स्टेरॉइड दिलेलेच जास्त दगावले, २००४ मध्ये ते छापून आलं आणि डोक्याच्या मारासाठी ते बंद झालं.

काकांच्या पुतण्याचा दहाव्या दिवशी परत स्कॅन झाला. डाव्या बाजूला दोन खाचा बारीक काळ्या रेघांसारख्या परत दिसायला लागल्या होत्या. काका दाराशी उभेच होते. मी म्हटलं, रिपोर्ट येऊ द्या, डॉक्टर सांगतील. पण बहुतेक माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण ते दहा दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत बसले.