जुन्या डेस्कटॉपचा स्लो बूट, अपडेट: अर्धा चोर सापडला

लॅमिंग्टन रोडवरून उचललेला सेकंडहँड डेस्कटॉप, एसएसडी टाकून झाली, रॅम वाढवली, तरी लॉगिननंतर काळी स्क्रीन आणि ते चक्र फिरतंय फिरतंय. सगळे म्हणतात फॉरमॅट मार, पण मग नक्की कोण अडवत होतं ते कळणार कसं?

आधी माप घेतलं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची स्वतःची नोंदवही) डायग्नॉस्टिक्स-परफॉर्मन्सच्या ऑपरेशनल लॉगमध्ये इव्हेंट १०० असतो, त्यात बूटटाईम मिलिसेकंदात मिळतो, माझा ९०,००० च्या वर, म्हणजे दीड मिनिटाहून जास्त. आणि दरवेळी रीस्टार्टच करा हां, शटडाऊन नको, कारण फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनला कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, डिस्कवर सेव्ह होतो आणि आकडे भलतेच येतात.

मग एमएसकॉन्फिग, विंडोजमधलंच टूल, बाहेरचं सगळं बंद करून बूट करून बघायला. सर्व्हिसेसमध्ये (मागे गुपचूप चालणारे प्रोग्रॅम) आधी 'हाईड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस'वर टिक, त्यानंतरच डिसेबल ऑल, हा क्रम उलटा केलात तर भोगा. स्टार्टअपवाले टास्क मॅनेजरमधून बंद. बाहेरचा अँटीव्हायरसपण यात झोपतो म्हणून नेटची वायर काढून ठेवली. बूट टॅबमधल्या सेफ बूटला हात लावायचा नाही, ते वेगळं प्रकरण आहे.

रीस्टार्ट, आणि मशीन झटक्यात वर! म्हणजे विंडोज निर्दोष. मग अर्ध्या सर्व्हिसेस चालू, ठीक. त्या बंद करून उरलेल्या चालू, परत काळी स्क्रीन. त्यातल्या अर्ध्या, मग त्यातल्या अर्ध्या, असं करत शेवटी एकच उरली, आधीच्या मालकाच्या ऑफिसातल्या नेटवर्क स्कॅनरची सर्व्हिस. तो स्कॅनर मी जन्मात पाहिलेला नाही आणि हिचा माझ्या घरी रोज शोध चालू! अनइन्स्टॉल.

पण लॉगिन झाल्या झाल्या एक काळी कमांड विंडो अजून चमकून जायची. स्टार्टअप लिस्टमध्ये काहीच नाही. इथे ऑटोरन्स कामाला आलं, आपोआप सुरू होणारं सगळं दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं टूल, मायक्रोसॉफ्टच्या एन्ट्री लपवल्या आणि शेड्यूल्ड टास्क्स (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघितले तर एक जुना अपडेटर लॉगऑनला टांगलेला, ओळ पिवळी, म्हणजे फाईलच जागेवर नाही. डिलीट नाही केलं, फक्त टिक काढली, विंडो गायब.

आता नॉर्मल स्टार्टअपवर आणलंय, बूटटाईम ३०,००० च्या आतबाहेर. ऑडिओ ड्रायव्हरसोबत आलेलं ट्रेमधलं पॅनेल अजून थोडं रेंगाळतं, पुढच्या रविवारी त्याच्याकडे बघतो.