तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांच्या हातात मरणाची गोष्ट, आणि तीही कवितेत?

मी मुलांसोबत पुस्तकं वाचते हे कळलं की पालक यादी मागतात. यादीत एखादी आई गेल्याची किंवा वडील गेल्याची कादंबरी दिसली की पुढचा प्रश्न ठरलेला: "इतक्या लहान वयात हे कशाला? आणि द्यायचीच तर सरळ गोष्ट द्या ना, कवितेत कशाला?" प्रश्न दोन आहेत, पण माझं उत्तर एकच आहे.

दुःख मुलांपर्यंत पोचायला पुस्तकाची वाट बघत नाही. आजी जाते, वर्गातल्या मैत्रिणीचे बाबा अचानक जातात. घरात दबक्या आवाजात बोलणं चालतं आणि मूल खोलीत आलं की विषय बदलतो. विषय बदलला हेही त्याला कळतं. हे बोलायचं कसं आणि कुणाशी, तेवढं कळत नाही.

शिवाय मुलांचं दुःख सलग नसतं. आत्ता हमसून रडणारं मूल थोड्या वेळाने खेळायला पळतं आणि रात्री झोपताना मध्येच विचारतं, "ती आता कधीच येणार नाही?" आपल्याला वाटलेलं असतं, विसरलं. ते झेपेल तेवढंच एका वेळी घेत असतं. कवितांमधून सांगितलेली कादंबरी अगदी याच चालीने चालते. पान-दोन पानांची एक कविता, मग कोरी जागा, मग भलताच विषय, आणि अचानक पुन्हा तेच दुखणं. कोऱ्या जागेत मूल थांबू शकतं. गद्यातलं प्रकरण अर्ध्यात सोडलं की काहीतरी टाकून दिल्यासारखं वाटतं. इथे प्रत्येक कविता आपल्यापुरती पुरी असते.

शॅरन क्रीच यांची 'लव्ह दॅट डॉग' (2001) घ्या. त्यातल्या शाळकरी जॅकला वाटतं, कविता मुलींनी लिहायच्या. वर्गात अमेरिकन कवी विल्यम कार्लोस विल्यम्स यांची लाल हातगाडीची कविता शिकवतात, तेव्हा तो तशाच घाटाची चार ओळींची एक लिहितो: चिखलाने माखलेल्या, भरधाव निघालेल्या निळ्या मोटारीवर. बाईंचे प्रश्न पुस्तकात छापलेले नाहीत, जॅकच्या उत्तरांवरून ते ओळखायचे. मोटारीचं एवढं काय, असं त्यांनी विचारलेलं दिसतं. कारणही सांगावं लागतं हे तुम्ही आधी म्हणाला नव्हता, असं तो उलट लिहितो. त्या मोटारीखाली त्याचा कुत्रा गेला होता, हे वाचकाला फार पुढे कळतं. चार ओळींत जॅकला एवढंच सांगता येत होतं, आणि कवितेत तेवढं चालतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

थोड्या मोठ्या मुलांसाठी केरन हेस यांची 'आउट ऑफ द डस्ट' (1997). पुढच्याच वर्षी हिला न्यूबेरी पदक, म्हणजे बालसाहित्यासाठीचा अमेरिकेतला मोठा पुरस्कार, मिळालं. अमेरिकेतलं ओक्लाहोमा, 1934-35, शेतं उडवून नेणारी धुळीची वादळं. वडिलांनी चुलीजवळ रॉकेलची बादली ठेवलेली असते. आई पाणी समजून ते ओतते, भडका उडतो, ती बाहेर धावते. तिची तेरा-चौदा वर्षांची मुलगी बिली जो पेटती बादली दाराबाहेर फेकते आणि ती परत येणाऱ्या आईच्याच अंगावर जाते. काही दिवसांनी आई जाते, पाठोपाठ नुकतंच जन्मलेलं बाळही. पियानो वाजवणारे बिली जोचे हात भाजून निघालेले असतात. हे सगळं मुक्तछंदातल्या साध्या, आखूड ओळींत आहे, एकही ओळ टाहो फोडत नाही. म्हणूनच ते मुलांना वाचता येतं.

आणि सावरणं म्हणाल, तर या पुस्तकात ते फार आधीपासून आहे. त्या घरात ताटं नि पेले पालथे मांडतात, धूळ बसू नये म्हणून, आणि वाढायच्या वेळी सुलटे करतात. नंतर बिली जो वडिलांवर चिडते, स्वतःवर चिडते, घर सोडून रेल्वेने पळते, परत येते. वडिलांना माफ करायला तिला जवळजवळ सगळं पुस्तक लागतं. "धीर धर" असं सांगून हे काम कुणाचंही झालेलं मी पाहिलेलं नाही.

आता देण्याबद्दल. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर असं पुस्तक मुलाच्या हातात कोंबू नका, हाताशी येईल असं ठेवा. वाचून झाल्यावर "मग काय शिकलास?" हे तर मुळीच विचारू नका. मोठ्याने वाचा, ओळ जिथे तुटते तिथे थांबा. मुलं त्या थांबण्यात बोलतात, आणि बहुतेक वेळा पुस्तकातल्या माणसाबद्दल बोलता बोलता स्वतःचं सांगतात.

"वाचताना माझाच गळा दाटून आला तर?" असं एका आईने विचारलं होतं. येऊ दे की. पुस्तक मिटा, पाणी प्या, आणि पुढची कविता आत्ता वाचायची की उद्या, ते मुलाला ठरवू द्या.