पदरी घेणं

जी तीन, पी तीन, एल तीन, ए शून्य. स्त्रीरोग विभागातल्या केसपेपरवर अगदी वर ही ओळ असते. किती वेळा दिवस राहिले, किती बाळंतपणं झाली, किती मुलं हयात, किती वेळा गर्भ पडला किंवा पाडला. त्या दिवशी सकाळी आमची हाऊसमन पोरगी, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, विचारत होती आणि मी शेजारी उभी राहून बीपी घेत होते. ‘‘कधी खाली झालं होतं का, आजी?’’ ह्यावर बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि ‘‘नाही’’ नवऱ्याने सांगितलं. पोरीने शून्य लिहिलं. मी पारा उतरताना पाहत होते, त्यामुळे मला काही बोलायचं कारण नव्हतं.

२०१९ सालचा एप्रिल, १८ तारीख, पवित्र सप्ताहातला गुरुवार. नगर जिल्ह्यातलं आमचं जुनं मिशन हॉस्पिटल. बाहेर ऊन नुसतं फोडून काढत होतं आणि २३ तारखेच्या मतदानासाठी प्रचाराच्या रिक्षा कर्णे लावून फाटकावरून चकरा मारत होत्या. हॉस्पिटलपुढे शांतता राखा अशी पाटी आहे, पण ती रिक्षावाल्यांसाठी नाही असं त्यांनी परस्पर ठरवलेलं.

बाई बासष्ट वर्षांच्या. आठ वर्षांपासून अंग बाहेर यायचं, म्हणजे गर्भाशय खाली सरकायचं. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही, शेवटी लघवी अडायला लागली तेव्हा मोठ्या लेकीने उचलून आणलं. ऑपरेशन शनिवारी ठरलं, कारण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) आमच्याकडे तातडीचं सोडून काही होत नाही. नवरा निवृत्त शिक्षक, मिशनच्या शाळेत आयुष्य गेलेलं, गावच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या चर्चमध्ये, पंच. सगळे त्यांना गुरुजी म्हणत, मीही म्हणू लागले.

दुपारी गुरुजी जेवायला खाली गेले तेव्हा बाईंनी हाताने खूण करून बोलावलं.

‘‘सिस्टर, तो सकाळचा कागद खोडता येतो का?’’

‘‘काय चुकलं, ताई?’’

‘‘तिथं चार पाहिजे.’’

मी स्टूल ओढून बसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक शिकले आहे. असं वाक्य आलं की उभं राहायचं नाही. उभी सिस्टर म्हणजे घाईत असलेली सिस्टर.

१९८६ ची गोष्ट. दोन मुली झालेल्या, तिसऱ्यांदा दिवस राहिले. पाचवा महिना लागायच्या सुमारास सासूबाई आणि गुरुजी त्यांना शहरात घेऊन गेले. पोटातलं पाणी काढून तपासलं, दोन-तीन आठवड्यांनी निरोप आला. मग पुन्हा एसटीने शहर. पिवळं औषध नळीने सोडलं. रात्रभर कळा. सकाळी एका सिस्टरने ट्रे झाकून नेला. ‘‘तिने फडकं टाकलं होतं, पण पंख्याने उडालं,’’ बाई म्हणाल्या आणि मग बराच वेळ काही म्हणाल्या नाहीत.

दोन वर्षांनी मुलगा झाला. तो आता पुण्यात असतो. ऑपरेशनसाठी पैसे त्यानेच पाठवले होते, यायला मात्र लेकी आल्या.

गर्भजलाच्या तपासणीचा तो काळ आता पोरींना सांगावा लागतो. तपासणी मुळात गर्भातलं व्यंग ओळखण्यासाठी, वापरली जायची मुलगी ओळखण्यासाठी. लपूनछपून नाही, जाहिराती करून. महाराष्ट्राने १९८८ मध्ये त्याविरुद्ध कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा यायला १९९४ उजाडलं. पण गर्भ मुलीचा आहे म्हणून पाडणं त्याआधीही कायद्यात कुठेच बसत नव्हतं. १९७१ च्या गर्भपात कायद्यात कारणं ठरलेली आहेत, त्यात हे नाही. मग कागदावर काय लिहायचे? विवाहितेसाठी कायद्याने एक कारण मान्य केलेलं होतं, गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचं. तेच लिहायचे. प्रत्येक वेळी तेच.

हे मला पुस्तकातून माहीत नाही. १९८३ ते ८७ मी एका शहरात खासगी नर्सिंग होममध्ये होते. नुकतीच पास झालेली, पगार बरा, आणि माझं अक्षर सुंदर म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे. ‘साधन निकामी’ हे शब्द मी किती वेळा लिहिले ते मोजलं नाही. मोजायचं नव्हतं म्हणूनच मोजलं नाही. ह्या बाईंचं दवाखान्याचं शहर वेगळं, त्यांची ट्रेवाली सिस्टर मी नव्हते. एवढं कळल्यावर मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लगेच लाजही वाटली.

बाईंचं खरं सांगणं पुढेच होतं. ‘‘तेव्हापासून मी प्रभुभोजन घेतलं नाही, सिस्टर.’’

आमच्याकडे बहुतेक मंडळ्यांत महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, प्रभू येशूच्या आठवणीत भाकर आणि प्याला घेण्याचा विधी. तेहतीस वर्षं म्हणजे चारशेच्या आसपास रविवार. कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तर त्या दिवशी ह्या बाई इतर बायकांची तान्ही पोरं घेऊन बाहेर चिंचेखाली बसायच्या. ‘‘तुम्ही जा, मी बघते ह्यांना.’’ मंडळीत त्यांच्या ह्या सेवेचं कौतुक व्हायचं. नाताळात एकदा साडी देऊन सत्कारसुद्धा झाला. आत गुरुजी भाकरीचं ताट घेऊन बाकांमधून फिरत असायचे, ह्या बाहेर दुसऱ्यांची लेकरं मांडीवर घेऊन.

कारण विचारलं तर करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय अकरा. अयोग्य प्रकारे जो खातो-पितो तो दोषी ठरतो, हे वचन त्यांना तोंडपाठ. शिक्षकाची बायको, सातवी शिकलेली, रोज शास्त्र, म्हणजे बायबल, वाचणारी. वाचलं नसतं तर कदाचित सुटल्या असत्या.

आमची एक सहकारी सिस्टर वसईची, कॅथलिक. तिला एकदा ह्याच विषयावर मी विचारलं होतं. ती म्हणाली, आमच्यात ह्या पापाला आपोआप बहिष्कार आहे आणि पूर्वी बऱ्याच ठिकाणी त्याची क्षमा द्यायला बिशपची परवानगी असलेलाच फादर लागायचा. पोप फ्रान्सिस यांनी चर्चने पाळलेल्या दयेच्या वर्षात तो अधिकार सगळ्या फादरना दिला आणि २० नोव्हेंबर २०१६ ला ते वर्ष संपताना कायमचा करून टाकला. मला तेव्हा वाटलं, नियम कडक, पण निदान जायला जागा आहे. जाळीमागे बसलेला माणूस बघत नाही आणि कुणाला सांगू शकत नाही. आम्हा प्रॉटेस्टंटांची पापकबुली थेट देवापुढे, मध्ये कुणी नको, हे सुंदरच आहे. पण ज्या बाईचा नवराच पंच, आणि पाळक, म्हणजे आमचा धर्मगुरू, त्याच्या घरी चहाला येतो, तिने बोलायचं कुणाशी? उपासनेत सगळ्यांबरोबर छापील पापांगीकार म्हणताना तिचा तो शब्द तिथे येतच नाही.

माझ्या आईची आजी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, दुष्काळातली पोर. १९०५ मध्ये पंडिता रमाबाईंच्या त्या आवारात संजीवन, म्हणजे श्रद्धेची मोठी जागृती, झालं तेव्हा मुली रडून, ओरडून आपापली पापं बोलून दाखवत होत्या, हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. इतक्या मोकळ्या आवाजाचा वारसा असलेले आम्ही, आणि ह्या एका गोष्टीवर घशातून शब्द निघत नाही. जे बोलतात ते बहुतेक पुरुष, पुलपिटावरून, आणि ते बोलले की बायका आणखी गप्प होतात.

मी बाईंना विचारलं, आमच्या हॉस्पिटलच्या पाळकांना बोलावू का? ते तुमच्या गावचे नाहीत. त्यांनी विचार केला, म्हणाल्या, ‘‘तुम्ही थांबणार असाल तर.’’

पाळकसाहेब तरुणच, पस्तिशीचे. मला थोडी धाकधूक होती, कारण नव्या लोकांना लगेच वचन काढायची सवय असते. हे खुर्चीवर बसले आणि गप्प राहिले. बाईंनी सासूबाईंपासून सुरुवात केली. सासूबाई काय म्हणाल्या, दिराला मुलगा होता, शेत कुणाकडे जाणार होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मग हळूच म्हणाले, ‘‘ताई, सासूबाईंचं सासूबाईंनी पदरी घ्यायचं होतं. गुरुजींचं गुरुजींनी. डॉक्टरांचं डॉक्टरांनी. तुमचं तेवढं सांगा.’’

‘पापे पदरी घेणे’, म्हणजे कबूल करणे, हा आपल्या मराठी शास्त्रातला शब्द. योहानाच्या पहिल्या पत्रात आहे, पहिला अध्याय, नववं वचन: आपण आपली पापे पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी आहे. लहानपणापासून हजारदा ऐकलेला. पण त्यातला ‘आपली’ मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ह्या बाईंनी तेहतीस वर्षं सगळ्यांचं मिळून एकटीच्या पदरात धरलं होतं, म्हणून ते देवापुढे टाकायला उचलतच नव्हतं.

त्या खूप वेळ खिडकीकडे बघत राहिल्या. रिक्षा एकदा येऊन गेली.

‘‘मी नाही म्हणाले नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘म्हणता आलं असतं की नसतं माहीत नाही. पण म्हणाले नाही.’’ मग आणखी थांबून, ‘‘आणि मुलगा झाला तेव्हा मला आनंद झाला. मनापासून झाला. तेच मोठं आहे. त्याला पाजताना मी हसत होते.’’

मला वाटलं होतं पाळक म्हणतील, अहो त्यात काय पाप, आई आहात. ते तसं म्हणाले नाहीत, आणि ह्याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. एवढ्या वर्षांनी माणसाने मूठ उघडावी आणि आपण म्हणावं, ह्यात काहीच नाही, तर तो त्या मुठीचा अपमान असतो. त्यांनी ते जसंच्या तसं घेतलं. प्रार्थना केली, छोटी, त्यात ‘‘तिची लेक’’ असा शब्द आला. त्यावर बाई पहिल्यांदा रडल्या. कुणीतरी तिला लेक म्हणालं होतं. मग पाळकांनी ते वचन शेवटपर्यंत वाचलं आणि स्पष्ट सांगितलं, ‘‘ताई, प्रभूने तुम्हाला क्षमा केली आहे. आठवण जाईल असं मी म्हणत नाही.’’

प्रभुभोजनाचं बाईंनीच काढलं. अयोग्य प्रकारे, वगैरे. पाळकांनी त्यांचंच शास्त्र उघडून पुढचं वचन त्यांच्याकडून वाचवून घेतलं. मनुष्याने आत्मपरीक्षा करावी ‘व मग’ त्या भाकरीतून खावे. ‘‘परीक्षा करून घरी जावं असं पौल म्हणत नाही. मग खावं म्हणतो. तुमची परीक्षा जरा लांबली, एवढंच.’’ बाई रडता रडता फिसकन हसल्या.

व्हरांड्यात मी पाळकांना गाठलं. माझं सांगायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. चार वर्षं, फॉर्म, सुंदर अक्षर. नोकरी होती, सांगतील ते लिहायचे, हेही जोडलं. ते म्हणाले, ‘‘सिस्टर, शेवटचं वाक्य काढून पुन्हा सांगा.’’ मी काढून सांगितलं. तेवढंच सांगताना मात्र घसा भरून आला.

संध्याकाळी सात वाजता वॉर्डात पाळक छोटं ताट घेऊन आले. त्याच रात्री प्रभूने भाकर मोडली म्हणून गुरुवारचं प्रभुभोजन, ते चर्चमध्ये आठला होतं. हे आधी, इथे. गुरुजी डबा घेऊन आले होते. त्यांना बाईंनी दुपारीच सांगून टाकलं होतं, ‘‘मी सांगितलंय.’’ काय, ते त्यांना विचारावं लागलं नाही. ते पलंगाच्या पायथ्याशी टोपी हातात धरून उभे राहिले.

बाईंनी भाकर घेतली. हात इतका कापत होता की प्याला मी धरला. मग मी घेतलं. पाळकांनी ताट गुरुजींपुढे धरलं. ज्या माणसाने तेहतीस वर्षं तेच ताट दुसऱ्यांपुढे धरलं होतं त्याने मान हलवली. ‘‘आज नको,’’ म्हणाले. पाळकांनी आग्रह केला नाही, ताट मात्र क्षणभर तसंच धरून ठेवलं आणि मग झाकलं.

रात्री ड्यूटी संपण्याआधी मी केसपेपर काढला. जी तीन खोडलं, चार केलं. शून्य खोडून एक लिहिलं. हाऊसमनला फोन करून सांगितलं, बाजूला सही केली, तारीख आणि वेळ घातली. अक्षर आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही, ते बरंच झालं.

बाईंनी मला हे लिहायची परवानगी नंतर दिली, नाव-गाव न घालता. गुरुजींचं त्यांच्या मनात पुढे काय झालं, ते मला माहीत असूनही सांगणार नाही, कारण परवानगी फक्त बाईंनी दिली आहे. शनिवारी सकाळचं तेवढं मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते. ऑपरेशनचा संमतीपत्राचा कागद मी सवयीने गुरुजींपुढे केला. नातेवाइकांच्या सहीची जागा त्यांना पाठ होती, पेन खिशात होतं. त्यांनी पेन काढलं नाही. चष्मा लावला, बायकोच्या उशाशी बसले आणि वर्गात शुद्धलेखन सांगतात तसा तो कागद पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचायला लागले. मध्येच प्रचाराची रिक्षा आली, काही ऐकू येईना. ती लांब जाईपर्यंत थांबले आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.