पन्हेरी माझी नाही

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हिवाळ्यात बोलायला वेळ कुठे असतो! अमरावती जिल्ह्यातल्या शेंदुरजनाघाटच्या कुठल्याही पन्हेरीत, म्हणजे संत्र्याच्या रोपवाटिकेत, मला कलमाचे डोळे बांधताना पाहिलं की हाच प्रश्न येतो : "एवढा हात बसला, भाऊ, तर सोताची पन्हेरी काऊन नाही टाकत?"

मला बांधणीच आवडते, म्हणून. जंबेरी म्हणजे लिंबाच्या जातीचं झाड; त्याचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम करायचं ते रोप, पेन्सिलीएवढा जाड झाला की बांधायचा. आधी पाणी दिलेलं असलं की साल सुटते. आडवी-उभी चीर द्यायची, साल उचलायची, संत्र्याच्या काडीवरून कापलेला कोंबाचा डोळा आत सरकवायचा आणि पट्टी आवळायची. कापलेला डोळा सुकायच्या आत हे व्हायला हवं, त्यामुळे हंगामात मी फोन घरी ठेवून येतो. काड्या ओल्या पोत्यात, चाकू दर थोड्या वेळाने दगडावर.

उंची जमिनीपासून वीतभर. यात मी कुणाचं ऐकत नाही. जोड खाली राहिला तर लागवडीत मातीला टेकतो, पावसाळ्यात बुरशी धरते आणि खोडातून डिंक गळायचा रोग, डिंक्या, लागतो. काडी कोणत्या झाडाची, यावरून तर मालकांशी भांडणं झाली आहेत. ग्रीनिंगसारखा रोग डोळ्यावाटेच नव्या झाडात जातो. पट्टी सोडल्यावर हिरवा दिसलेला डोळा चांगल्या झाडाचा होता की नाही, हे कळतं बागेला फळ धरल्यावर, म्हणजे पाच-सहा वर्षांनी. तेव्हा बांधणाऱ्याला कोण शोधत येणार? काळजी आधीच घ्यावी लागते.

मालकाचं काम वेगळं. परवाना, मजूर, मृगात मध्य प्रदेशापर्यंतचे गिऱ्हाईक, वर्षभर उधारीची वसुली. पैसा त्यात जास्त, हे मलाही दिसतं आणि बायको तर दर दिवाळीला ऐकवते. पण ती कामं मला ओढून-ताणून करावी लागतील आणि हातातली बांधणी जाईल. माझ्याबरोबर शिकलेले दोघं-तिघं मालक झाले. चांगलं चाललंय त्यांचं, पण चाकू त्यांच्या हातात क्वचितच दिसतो.

आता त्यांच्या पन्हेरीतही मीच बांधतो. शेकड्यामागे मजुरी मात्र इतरांपेक्षा जास्त सांगतो आणि ते घासाघीस करत नाहीत. मेलेला डोळा केवढ्याला पडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.