आंटींचं पुस्तक कुठल्या कपाटात

न्यू जर्सीतल्या एका पब्लिक लायब्ररीत मी कॅटलॉगिंग करते. पुस्तक आलं की त्याचा रेकॉर्ड बनवायचा, ते कुठल्या कपाटात जाईल हे ठरवणारा नंबर द्यायचा, विषय लावायचे, भाषेचा तीन अक्षरी कोड टाकायचा, हे माझं काम. लोकांसमोर मी फारशी येत नाही. पण इथे मे महिना एशियन अमेरिकन हेरिटेज मंथ असतो, १९९२ सालच्या कायद्यानेच तसं ठरलंय, आणि देशी लेखकांचा कार्यक्रम म्हटलं की तो माझ्याकडेच येतो. बाकीचे अकरा महिने या लेखकांची कोणाला आठवण होत नाही याचा मला खरंच राग येतो.

यंदा चार जण होते. इंग्रजी कादंबरी लिहिलेले एक गुजराती डॉक्टर, लाहोरहून आलेल्या एक कवयित्री, मुलांसाठी तमिळ-इंग्रजी चित्रपुस्तक केलेली एक तरुण आई, आणि आंटी.

आंटी कार्यक्रमाच्या दोन महिने आधी पिशवीत पुस्तक घेऊन काउंटरवर आल्या होत्या. वय चौऱ्याहत्तर, मूळच्या कोले कल्याणच्या, म्हणजे मुंबईत विमानतळाच्या शेजारी. पुस्तक कॉपी शॉपमधून स्पायरल बाइंडिंग करून आणलेलं, ९६ पानं, आयएसबीएन नाही, कुठे परीक्षण आलेलं नाही. आमच्या नियमात हे बसतच नाही. स्पायरलला कणा नसतो त्यामुळे नंबरचं लेबल लावायलाही जागा नाही. पण मी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि पुस्तक ठेवून घेतलं. त्यात लग्नातलं उंबराचं पाणी होतं, विहीर होती, पावसाआधी दारात मसाला कांडायला येणाऱ्या बायका होत्या, तो मसाला गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरणं होतं. आणि हे सगळं मराठीत, पण रोमन लिपीत! आंटी इंग्रजी माध्यमात शिकल्या, देवनागरी लिहायची सवय नाही, म्हणून कानाला जसं ऐकू येतं तसं लिहिलंय.

मी रेकॉर्ड बनवत असताना त्या शेजारी बसल्या होत्या. स्क्रीनवर विषय आला, 'ईस्ट इंडियन अमेरिकन्स'. आंटी एकदम पुढे वाकल्या. "पोरी, हे तर आमचं नाव! इथे कसं काय?"

आता त्यांना काय सांगायचं. मुंबई, साष्टी, वसईचे मराठी बोलणारे कॅथलिक म्हणजे ईस्ट इंडियन. १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्यांनी हे नाव स्वतः घेतलं, गोव्याहून मंगळूरहून नोकरीसाठी आलेल्या कॅथलिकांहून आपण वेगळे, इथलेच, हे सरकारला कळावं म्हणून. अमेरिकन कॅटलॉगमध्ये मात्र हा शब्द आला तो इथल्या आदिवासींना 'इंडियन' म्हणत आले म्हणून, भारतातून आलेल्यांना काहीतरी वेगळं म्हणायला हवं होतं. आमच्या कॅटलॉगमध्ये तो अजून तसाच आहे आणि गुजराती डॉक्टरांच्या कादंबरीलाही तोच लावलेला आहे. मी हे समजावलं तेव्हा आंटी थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "म्हणजे आमचं नाव सगळ्यांना, मग आम्हाला काय?"

नंबरवरून आमच्या सिलेक्टरशी, म्हणजे लायब्ररीसाठी पुस्तकं निवडणाऱ्या बाईशी, माझं वाजलं. तिचं म्हणणं ६४१.५९५४, भारतीय स्वयंपाक, कारण कुकबुकं जातात. जातात हे खरंय. पण ज्या पुस्तकात निम्मी पानं आई, गाव आणि गेलेली जमीन यांवर आहेत ते कुकबुक कसं? आणि मराठी पुस्तक मराठीच्या कपाटात, ८९१.४६ मध्येच गेलं पाहिजे यावर मी अडून बसले. भाषेचा कोड एमएआर टाकला, टीप लिहिली की ही मराठीची ईस्ट इंडियन बोली आहे, लिपी रोमन. शिवाय देवनागरीत शोधणाऱ्यालाही सापडावं म्हणून शीर्षक देवनागरीतूनही जोडलं. एरवी उलटं काम असतं, देवनागरी पुस्तकाचं शीर्षक टिंबं-रेघांच्या नियमाने रोमनमध्ये करायचं. इतका मन लावून केलेला रेकॉर्ड माझ्या हातून वर्षात एखादाच होतो.

कार्यक्रमाला साठेक लोक होते, त्यात मराठी मंडळाची चांगली वीस-पंचवीस माणसं, मीच फोन करकरून बोलावलेली. डॉक्टर पंधरा मिनिटांऐवजी पस्तीस मिनिटं बोलले, त्यांना थांबवणं माझं काम होतं, मी थांबवलं नाही. आंटींच्या वाट्याला आठ मिनिटं उरली. त्या लुगडं नेसून आल्या होत्या. मसाल्याचं पान वाचायला लागल्या, ण च्या जागी न, ळ च्या जागी ल, सुरेख लयीत, आणि मधल्या रांगेतून हसू आलं. आधी एक बाई, मग दोघं-तिघं. आंटींनी वर पाहिलं आणि पुढे वाचत राहिल्या.

प्रश्नांच्या वेळी रविवारच्या मराठी शाळेत शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. फार नम्रपणे म्हणाल्या, प्रयत्न छान आहे, पण छापण्याआधी कोणाकडून शुद्ध करून घ्यायला हवं होतं, मुलांच्या कानावर चुकीचं मराठी पडतं. आंटी म्हणाल्या, "बाई, आमच्या घरात असंच बोलतात."

माईक माझ्या हातात होता. मी म्हणू शकले असते की ही बोली आहे, चूक नाही. शेवटी तेच वाक्य मी रेकॉर्डमध्ये टाइप केलं होतं. पण मी म्हटलं, "आणखी कोणाचा प्रश्न?" कारण पावणेनऊ वाजले होते, नऊला बिल्डिंग बंद होते, खुर्च्या आवरायच्या होत्या. कारण एवढंच होतं का हे मी स्वतःला विचारतेय. माझी आजी रायगडकडची, तीही ण चा न करायची, आणि शाळेत असताना मैत्रिणी घरी आल्या की ती बोलू नये असं मला वाटायचं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांच्या चोवीस प्रती गेल्या, आंटींच्या तीन. एक मी घेतली, एक त्या लाहोरच्या कवयित्रींनी, त्यांना मराठी येत नाही तरी.

गेल्या मंगळवारी आंटींचा फोन आला, पुस्तक कपाटात लागलं का विचारायला. मी सिस्टिममध्ये पाहिलं तर पुस्तक बाहेर गेलेलं होतं.

"कोणी नेलं?"

"ते सांगता येत नाही आंटी, कायदाच आहे तसा. मीही बघत नाही."

"परत कधी येणार?"

"तीन आठवडे असतात. त्यांनी रिन्यू केलं तर आणखी तीन."

"करू दे, करू दे," त्या म्हणाल्या. त्या दिवशीचं मला बोलायचं होतं, तोंडापर्यंत आलं होतं, पण तोवर त्या मुलीला हाक मारून ही बातमी सांगायला लागल्या होत्या आणि फोन तसाच चालू होता.