रायबरेलीची ओळ

१९७७ च्या लोकसभा निवडणुकीचा निकाल मी साताऱ्यात ऐकला, शनिवार पेठेतल्या एका वाड्याच्या माडीवर, अठरा-वीस माणसांच्या घोळक्यात, मांडीवर वही घेऊन. मतदान १६ मार्चला सुरू होऊन २० मार्चला संपले आणि त्याच रात्री मोजणीच्या बातम्या येऊ लागल्या. आता यंत्रांमुळे दुपारपर्यंत चित्र स्पष्ट होते. तेव्हा एकेक मतपत्रिका हाताने उलगडून, शिक्का पाहून, गठ्ठे बांधून मोजावी लागे, त्यामुळे निकाल हे किमान रात्रभराचे आणि पुष्कळ ठिकाणी त्याहून अधिक वेळाचे काम असे. देशभर ते काम चालू असताना आम्हाला इथे बसून ते कळण्याचे साधन एकच होते, रेडिओ.

मी तेव्हा वीस वर्षांचा होतो आणि जनता पक्षाच्या प्रचारासाठी आजूबाजूच्या गावांतून सायकलवर फिरलो होतो. १८ जानेवारीला निवडणूक जाहीर झाली आणि पाचच दिवसांत चार पक्षांनी मिळून जनता पक्ष उभा केला. पक्षाला स्वतःचे चिन्हसुद्धा नव्हते. भारतीय लोकदलाचा नांगरधारी शेतकरी घेऊन बहुतेक ठिकाणी लढावे लागले. समोर काँग्रेसचे गाय-वासरू, आणि आमच्या जिल्ह्यात तर त्या गाय-वासरामागे खुद्द यशवंतराव चव्हाण उभे होते. साताऱ्यात आपण हरणार, हे आम्हांपैकी प्रत्येकाला मनातून ठाऊक होते. तरीही आम्ही जमलो होतो, कारण आमचा जीव साताऱ्याच्या निकालात नव्हे, देशाच्या निकालात अडकला होता.

माझ्याकडे काम होते वहीचे. शाळेत शिकवून निवृत्त झालेले, राष्ट्र सेवा दलात वाढलेले आमचे गुरुजी मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी डांबण्याच्या कायद्याखाली, तुरुंगात राहून नुकतेच सुटले होते, आणि मतदानाआधी आठ दिवस त्यांनी मला दोनशे पानी वही आणायला सांगितली. वर्तमानपत्रांत छापून आलेल्या उमेदवारांच्या याद्या कापून, राज्यवार लावून, मी प्रत्येक मतदारसंघासाठी एक ओळ आखली. मतदारसंघांची पुनर्रचना झालेली असल्यामुळे आधीच्या ५१८ जागांच्या ५४२ झाल्या होत्या आणि जुन्या निवडणुकीची यादी उपयोगाची नव्हती. मतदारसंघ, विजयी उमेदवार, पक्ष, मताधिक्य असे चार रकाने होते. उत्तर प्रदेशाच्याच ८५ ओळी झाल्या. त्या आखताना इंदिरा गांधींच्या रायबरेलीच्या ओळीशी माझी पट्टी क्षणभर थांबल्याचे मला आजही आठवते.

गुरुजींनी मला एक नियम घालून दिला. एकदा ऐकलेला निकाल पेन्सिलीने लिहायचा. पुढच्या बातमीपत्रात तोच पुन्हा ऐकला, की मगच त्यावर शाईचे पेन फिरवायचे. कोणी सायकलवरून येऊन सांगितलेले, कोणाच्या तरी पुण्याच्या पाहुण्याने फोनवर कळवलेले, असे काहीही वहीत येता कामा नये. मला तो नियम त्या वेळी जाचक वाटला. गुरुजी म्हणाले, "अरे, तुरुंगात दर आठवड्याला सुटकेची बातमी यायची. सामान बांधून दाराशी बसलेली माणसे मी पाहिली आहेत. खोट्या बातमीने माणूस जितका खचतो, तितका कोठडीने खचत नाही."

ज्यांनी आणीबाणी अनुभवली नाही, त्यांना या नियमामागचे दुःख कदाचित कळणार नाही. एकवीस महिने आम्हाला खरी बातमी वाचायला मिळाली नव्हती. वर्तमानपत्रे सेन्सॉरच्या हाताखालून येत, आणि जे खरे ते रात्री दाराच्या फटीतून सरकवलेल्या सायक्लोस्टाइल पत्रकात असे, तेही अर्धे पुसट. डिसेंबर १९७५ मध्ये कराडला साहित्य संमेलन झाले तेव्हा मी तिथे गेलो होतो. स्वागताध्यक्ष यशवंतराव, अध्यक्ष दुर्गाबाई भागवत. दुर्गाबाईंनी आणीबाणीविरोधी लढ्याचे नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सर्वांना सांगितले आणि सारा मंडप उभा राहिला. त्या शांततेत माझ्या शेजारच्या अनोळखी गृहस्थांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. उघडपणे, चारचौघांत, काहीतरी खरे घडलेले मी त्या काळात पाहिले ते तेवढेच.

माडीवर जमलेली माणसे एका पक्षाची होती असे म्हणणे तितकेसे खरे नाही. सेवा दलाचे गुरुजी आणि संघाचे वकीलसाहेब तुरुंगात एका बराकीत राहिले होते, म्हणून ते एका सतरंजीवर बसले होते. त्यापूर्वी वीस वर्षे एकाच गावात राहून ते एकमेकांच्या घरी गेले नव्हते. संघटना काँग्रेसचे, म्हणजे इंदिरा गांधींपासून वेगळ्या झालेल्या काँग्रेसचे, दोन वयस्कर खादीधारी होते. कोरेगावकडून आबा आले होते, शेतकरी कामगार पक्षाचे, म्हणजे मित्रपक्षाचे. बेचाळीसच्या प्रतिसरकारात, इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या सातारच्या समांतर सरकारात, त्यांनी भूमिगत राहून काम केले होते. समाजवाद्यांचे कान राजापूरच्या मधु दंडवत्यांकडे, वकीलसाहेबांचे ठाण्याच्या रामभाऊ म्हाळगींकडे, खादीधाऱ्यांचे सुरतेच्या मोरारजींकडे. हे सारे लोक दोन-अडीच वर्षांत पुन्हा पांगले, जनता पक्षात राहून संघाशीही नाते ठेवावे का, या दुहेरी सदस्यत्वाच्या वादावरून एकमेकांशी बोलेनासे झाले, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. पण त्या रात्री ते एकाच चहाच्या किटलीतून चहा घेत होते.

वाडा वकीलसाहेबांचा. त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, खालून चहा पाठवत होत्या. नवरा आत असताना वर्षभर त्यांनी शिकवण्या घेऊन घर चालवले होते.

पहिले निकाल दक्षिणेतले आले आणि ते ऐकून माडी गप्प झाली. आंध्र, कर्नाटक, केरळ. काँग्रेस, काँग्रेस, पुन्हा काँग्रेस. माझी पेन्सिल दक्षिणेच्या पानांवर भराभर चालत होती आणि उत्तरेची पाने कोरी होती. एक खादीधारी काका उठून चपला शोधू लागले. आणीबाणीत मारझोड, सक्तीची नसबंदी, घरांवर बुलडोझर हे सारे सोसले ते उत्तरेने, त्यामुळे उत्तरेचे निकाल ऐकल्याशिवाय उठू नये, असे गुरुजींनी त्यांना समजावले. काका पुन्हा बसले, पण चपला त्यांनी पायांत तशाच ठेवल्या.

साडेदहाच्या सुमारास वीज गेली आणि व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ बंद पडला. कंदील आला, एका मुलाने घरून ट्रान्झिस्टर आणला, आणि त्यावर शॉर्टवेव्हची खरखर फिरवत आम्ही बीबीसीची हिंदी सेवा पकडली. आवाज लाटेसारखा वर येई आणि बुडे. त्या बुडत्या आवाजात आम्हाला कळले की रायबरेलीत पंतप्रधान मागे आहेत. कोणीतरी ओरडले, कोणीतरी गुलाल आणायला जिन्याकडे धावले. "खाली बसा," गुरुजी म्हणाले. "मागे असणे म्हणजे हरणे नव्हे. बाळ, वहीत काही लिहू नकोस." मी पेन्सिल कानावर ठेवली.

त्यानंतरचा काळ सर्वांत कठीण गेला. ट्रान्झिस्टरचे सेल उतरत चालले, आणि दर पाच मिनिटांनी आवाज आणखी क्षीण होई. एवढ्या रात्री सेल मिळणार कुठे? आबांनी काहीही न बोलता आपली तीन सेलची बॅटरी काढली, मागचे झाकण फिरवून सेल तळहातावर घेतले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि त्यातले दोन माझ्यापुढे धरले. पहाटे एसटीने उतरल्यावर त्यांना दोन मैल बांधावरून अंधारात चालत जायचे होते. सेल बसवले आणि आकाशवाणीचा आवाज एकदम इतका स्वच्छ, इतका मोठा आला, की आम्ही सगळे दचकलो.

उत्तरेची पाने आता भरू लागली. बिहार, हरियाणा, दिल्ली, उत्तर प्रदेश; पानेच्या पाने एका पक्षाच्या नावाने. मुझफ्फरपूरहून जॉर्ज फर्नांडिस तुरुंगातूनच निवडून आले, तीन लाखांहून अधिक मतांनी. आज ती वही उघडली तर बिहारच्या ५४ आणि उत्तर प्रदेशाच्या ८५ ओळींत काँग्रेसचे नाव एकदाही येत नाही. राजस्थानात ते केवळ नागौरसमोर आहे आणि मध्य प्रदेशात केवळ छिंदवाड्यासमोर. अर्थात त्या रात्री हे सारे एकदम दिसले नाही. तेव्हा प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे, श्वास रोखून ऐकावी लागत होती, आणि मधली रायबरेलीची ओळ रिकामी होती.

मध्यरात्र उलटून बराच वेळ झाल्यावर ते नाव आले. राजनारायण विजयी, इंदिरा गांधी पराभूत. निवेदकाच्या स्वरात काहीही फरक नव्हता. तो पुढच्या मतदारसंघाकडे गेलासुद्धा. माडीवर कोणीही ओरडले नाही. मी पेन्सिलीने नाव लिहिले, आणि माझा हात इतका कापत होता की 'राजनारायण' हा शब्द ओळीखाली उतरला.

मी शाईचे पेन उचलले. गुरुजींनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "एकदाच ऐकले आहे," ते म्हणाले.

आम्ही पुढच्या बातमीपत्राची वाट पाहत बसलो. मधल्या वेळात गुरुजींनी, बहुधा आम्हाला बसवून ठेवण्यासाठीच, त्या ओळीचा इतिहास सांगितला. १९७१ मध्ये याच रायबरेलीत याच राजनारायणांचा लाखाहून अधिक मतांनी पराभव झाला होता. ते न्यायालयात गेले, आणि १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द ठरवली. त्यानंतर तेरा दिवसांनी आणीबाणी आली. ज्या एका जागेपायी देशाचे तोंड बंद झाले, ती जागा आता मतदारांनीच फिरवली होती, जर बातमी खरी असेल तर. वकीलसाहेब म्हणाले, "गुरुजी, जी आकाशवाणी एकवीस महिने सरकारच्या विरोधातला एक शब्द उच्चारत नव्हती, तिनेच पंतप्रधानांचा पराभव सांगितला. याहून मोठा पुरावा कोणता हवा?" गुरुजींनी ते मान्य केले. पण पेन मला दिले नाही.

वहिनी वर आल्या. त्या रात्रीत प्रथमच त्या माडीवर आल्या होत्या, आणि दाराच्या चौकटीला टेकून त्यांनी विचारले, "पुन्हा सांगतील ना?" कोणीतरी जागा करून दिली, पण त्या बसल्या नाहीत. बातमीपत्र सुरू झाले तेव्हा गुरुजींनी आवाज पूर्ण वाढवला. रायबरेलीचे नाव पुन्हा आले. निकाल तोच होता. वहिनींनी पदराने डोळे पुसले, "लिहा आता," एवढेच म्हणाल्या आणि चहा ठेवायला खाली गेल्या. मी लिहिले. पुढे अधिकृत आकडा छापून आल्यावर शेवटचा रकाना भरला: ५५,२०२. खाली उतरलेली पेन्सिलीची अक्षरे शाईखालून अजून दिसतात.

पहाटे खालून मोती चौकाच्या बाजूने फटाके ऐकू आले. अमेठीत संजय गांधींचा पराभव झाला. महाराष्ट्राच्या पानावर पुण्यातून मोहन धारिया, बारामतीतून संभाजीराव काकडे, राजापुरातून दंडवते, ठाण्यातून म्हाळगी, मुंबईतून मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकर, अशी नावे त्या रात्रीत आणि पुढच्या दिवसात भरत गेली. राज्यातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसला २० मिळाल्या. २१ मार्चलाच आणीबाणी उठवल्याचे जाहीर झाले, आणि पुण्याहून एसटीने आलेली वर्तमानपत्रे स्टँडवर गठ्ठे सुटण्याआधीच संपली. तो सेन्सॉरशिवाय छापलेला अंक मी रस्त्यात उभा राहून, पहिल्या पानापासून जाहिरातींपर्यंत, संपूर्ण वाचला.

सातारची ओळ मात्र राहिली होती. यशवंतराव निवडून आले होते, बातमी दोनदा ऐकून झाली होती, पेन्सिलीने लिहूनही झाले होते; शाई फिरवायला माझा हात पुढे होत नव्हता. मी पान उलटून पुढे जाऊ पाहत होतो, ते आबांनी पाहिले. यशवंतरावांना ते बेचाळीसपासून ओळखत होते आणि दोन महिने गावोगाव त्यांच्या विरोधात बोलले होते. त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, चष्मा लावून ओळ नीट वाचली आणि परत माझ्यापुढे ठेवली.

"त्याच पेनने लिही," ते म्हणाले. मी लिहीपर्यंत ते उभे राहिले, टीपकागद स्वतः दाबला, आणि मग ट्रान्झिस्टरमधले आपले दोन सेल काढून घेऊन कोरेगावच्या गाडीसाठी निघाले.