दोन वर्षांचं मूल घेऊन ठाण्याला येताना

परदेशात राहणाऱ्या आईची भारतवारीची काळजी ठरलेली असते: पाणी, डास, धूळ, पोट. काळजी खोटी नाही. पण ठाण्यातल्या किंवा नेरूळ-खारघरच्या आजीच्या घरात एक ते तीन वर्षांच्या मुलाला सर्वांत मोठा धोका असतो तो यात न येणाऱ्या वस्तूंचा. न्हाणीघरात काठोकाठ भरून ठेवलेली बादली, आजोबांची गोळ्यांची डबी, देवघरातला कापूर. पिण्याच्या पाण्यावर घरातले सगळे डोळे ठेवून असतात, बादलीवर कुणाचंच लक्ष नसतं. म्हणून आधी घराच्या तयारीचं सांगते. ती निघण्याच्या दोन आठवडे आधी करावी.

व्हिडिओ कॉल लावून आजीला घरभर फिरायला सांगा, पण फोन जमिनीपासून दोन-अडीच फुटांवर धरून. मुलाची नजर त्या उंचीवर असते. उभ्या माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी तिथून दिसतात: टीपॉयच्या खालच्या फळीवरची कात्री, टीव्हीमागच्या वायरी, पलंगाशेजारच्या गोळ्या, बोर्डात खोचलेली डासांच्या लिक्विडची बाटली.

आधी बादली. बऱ्याच सोसायट्यांत पाणी ठरावीक वेळी येतं, त्यामुळे बादल्या आणि पिंपं भरून ठेवायची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची. या वयाच्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. वाकून पाण्यात हात घालताना तोल गेला की ते डोक्याकडून आत जातं, परत वर येण्याइतकं बळ हातात नसतं, आणि भरलेली बादली कलंडत नाही. काही इंच पाणी पुरतं आणि आवाज अजिबात होत नाही. तिकडे घरात शॉवर असेल तर मुलाने बादली पाहिलेलीच नसते, त्यामुळे ओढाही जास्त. उपाय साधा आहे: वापरून झाली की बादली पालथी. पाणी साठवणं भागच असेल तर घट्ट झाकणाचं पिंप, आणि न्हाणीघराच्या दाराला बाहेरून वरच्या बाजूला कडी.

दाराचं निघालंच आहे तर नाईट लॅचचंही सांगते. कचऱ्याचा डबा ठेवायला तुम्ही बाहेर, मूल आत, आणि दार ओढलं गेलं: ठाण्यात अग्निशमन दलाला बोलावण्याची वेळ अशीच येते. एक किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा. बेडरूम-बाथरूमच्या आतल्या, मुलाच्या हाताला लागणाऱ्या कड्यांवर जाड चिकटपट्टी लावा किंवा त्या सरळ काढून टाका.

गोळ्यांचा प्रश्न याहून अवघड, कारण तो आजी-आजोबांच्या सवयींशी जोडलेला. मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी एकच गोळी लहान मुलाची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते, आणि परिणाम काही तास उशिरा दिसू शकतो. ‘आता तर बरा खेळतोय’ म्हणून थांबायचं नाही. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही तसंच. तिकडच्या औषधांच्या बाटल्यांना मुलांना उघडू न देणारी झाकणं असतात. इकडच्या आठवड्याच्या खणांच्या डबीचं झाकण अंगठ्याने उघडतं. ही डबी कपाटाच्या लॉकरमध्ये जायला हवी, फ्रिजच्या वर नाही. आल्या-गेल्या पाहुण्यांच्या पर्समध्येही गोळ्या असतात, तेव्हा पर्स खुर्चीवर नको.

कापूर पोटात गेला तर थोड्याच वेळात फिट येऊ शकते. वडी पांढरी, खडीसाखरेसारखी दिसणारी, आणि देवापुढे ठेवलेली. खडीसाखर प्रसाद म्हणून मिळते हे मुलाला दोन दिवसांत कळतं, पुढचं सांगायला नको. कपाटातल्या आणि बेसिनच्या जाळीवरच्या डांबराच्या गोळ्याही उचलून टाका. ठेवणीतल्या दुलया, स्वेटर ऊन दाखवून मगच वापरा. जी-६-पी-डी या एन्झाइमची कमतरता असलेल्या मुलांत या गोळ्यांतल्या नॅफ्थलिनमुळे रक्तपेशी फुटू शकतात. काहीही गिळल्याची शंका आली तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची नाही. पाकीट किंवा बाटली बरोबर घ्यायची आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. रुग्णवाहिकेसाठी १०८.

खिडक्यांच्या बाबतीत जुन्या इमारती बऱ्या, ग्रिल तरी असते. फक्त बाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलमध्ये कुंड्यांवर चढून बसायला जागा होते. घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्ये काचेची मोठी सरकती दारं असतात, तिथे बाल्कनीच्या कठड्याच्या दोन दांड्यांमधली फट १० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर जाळी लावून घ्या, आणि स्टूल, मोढा, सोफा कठड्यापासून लांब. वीज २३० व्होल्टची. कॅमेरा, मोबाइलचा चार्जर यांच्यावर बहुधा १००–२४० लिहिलेलं असतं, ते चालतात. अमेरिकेतून आणलेला फक्त १२० व्होल्टचा बाटली गरम करायचा वॉर्मर मात्र नुसता पिन बदलून लावला तर जळतो. तो आणूच नका, पातेल्यात गरम पाणी घ्या.

आता घड्याळ. जर्मनी आणि आपल्यात साडेतीन-साडेचार तासांचा फरक, न्यूयॉर्कशी साडेनऊ-साडेदहा, कॅलिफोर्नियाशी साडेबारा-साडेतेरा. शरीर ढोबळ मानाने दिवसाला तासभर जुळवून घेतं. म्हणजे अमेरिकेहून येणाऱ्या मुलाला आठवडा ते दहा दिवस लागणारच. रात्री दोनला मूल टक्क जागं होतं कारण त्याच्या शरीरासाठी ती जेवणाची वेळ असते. तेव्हा मंद दिवा, केळं किंवा खिमट, शांत खेळ. मोबाइल नाही, हॉलमधली ट्यूब नाही. सकाळी सात ते आठ उजेडात न्या, सोसायटीची बाग पुरे, नाहीतर उपवन किंवा कचराळी तलाव. दुपारची झोप दोन तासांवर जाऊ देऊ नका आणि चारनंतर झोपू देऊ नका, कितीही रडलं तरी. आजी-आजोबा तसेही पाचला उठतात, पाचनंतरची पाळी त्यांची आणि तेवढा वेळ आईने झोपायचं. हे आधीच बोलून ठेवलं तर पहिल्या आठवड्यातली निम्मी भांडणं टळतात. सत्यनारायण, जावळ, मावशींचा गोतावळा हे सगळं दुसऱ्या आठवड्यात. यात भीड पडू देऊ नका.

दूध हा स्वतंत्र विषय आहे, आणि मुलाचं पोट बिघडलं नाही तरी त्याचं दूध इथे आल्यावर सुटतं ते साध्या कारणांनी. तिकडे ते फ्रिजमधलं थंड, एकजीव केलेलं, साधारण ३.२५ ते ३.५ टक्के स्निग्धांशाचं दूध पीत असतं. इथे त्याच्यापुढे येतं तापवलेलं, वेगळ्या वासाचं, वर साय धरलेलं, आणि ‘बाळ बारीक झालंय’ म्हणून मुद्दाम आणलेलं फुल क्रीम, म्हणजे ६ टक्क्यांचं. मूल तोंड फिरवतं, आजी साखर घालते. थैलीवर गाईचं दूध (३.५ टक्के) किंवा टोन्ड (३ टक्के) पाहून घ्या, एकदा उकळा, लगेच थंड करा, दोनदा गाळा आणि फ्रिजमधून काढून त्याच्या ओळखीच्या कपात द्या. तेही नाही घेतलं तर टेट्रापॅकमधलं द्या. पाच-सहा दिवस दूध कमी गेलं तर दही, पनीर आहेत, त्यावरून घरात रणकंदन नको.

पाणी प्युरिफायरचं असलं तरी पहिले पंधरा दिवस मुलासाठी उकळून: बुडबुडे जोरात आल्यावर एक मिनिट, मग झाकून थंड. घोटाळा पिण्याच्या पाण्यात सहसा होत नाही, तो ब्रश करताना, आंघोळीत तोंड उघडून आणि हॉटेलातल्या बर्फात होतो. जेवणात वरण-भात-तूप, मेतकूट-भात, नाचणीची खीर, मुगाचं धिरडं. काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि बाहेरचा फळांचा रस पहिले काही दिवस बाजूला. सुट्टी दिवाळीची असेल तर चिवड्यातले शेंगदाणे आणि डाळं, एरवी फुटाणे आणि बोरं: पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे द्यायचेच नाहीत, कारण अडकला तर दाणा अन्ननलिकेत नाही, श्वासनलिकेत अडकतो. कूट करून लाडवात घाला, चव तीच.

जुलाब झालेच तर ओआरएस. मोठं पाकीट एक लिटरचं, छोटं २०० मिलीचं. पाकिटावर लिहिलंय तितक्याच पाण्यात सगळं पाकीट एकदम मिसळायचं. अर्ध पाकीट ग्लासात अंदाजाने टाकलं की क्षारांचं प्रमाण बिघडतं आणि त्रास वाढू शकतो. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २००, चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. औषधाच्या दुकानात मिळणारी फळांच्या चवीची गोड टेट्रापॅक पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र न पाळणाऱ्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयने (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, तरी पाकिटावरचं सूत्र स्वतः वाचा. डॉक्टर बरोबर झिंक देतील. सहा महिन्यांवरच्या मुलाला ते साधारण २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी कोर्स पुरा करायचा.

तापाच्या औषधात सर्वाधिक गोंधळ होतो तो ताकदीचा. अमेरिकेत ज्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात तेच पॅरासिटामॉल, पण बाटली बाटलीत फरक: अमेरिकेत ५ मिलीत १६० मिलिग्रॅम, ब्रिटनमध्ये लहान मुलांसाठी १२०, भारतात १२५ आणि २५० दोन्ही, आणि ड्रॉप्समध्ये एका मिलीत १००. डोस वजनावर, किलोला १५ मिलिग्रॅमपर्यंत. १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम, म्हणजे १२५ च्या बाटलीतून ७.२ मिली, २५० च्या बाटलीतून ३.६ आणि ड्रॉप्सचे १.८. लंडनच्या सवयीने ७.५ मिली भरून २५० च्या बाटलीतलं पाजलं तर दुप्पट डोस जातो. दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसात चारच्या वर नाही. तिकडची बाटली आणि तिकडची सिरिंज बरोबर आणा आणि तीच वापरा. पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत डेंग्यूची शक्यता असते, त्यामुळे डॉक्टरांनी पाहीपर्यंत आयबुप्रोफेन नको. इथल्या काही सिरपांत ते पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असतं, लेबल वाचा. खोकल्याचं सिरप घरात कुणी प्रेमाने पुढे केलं तर बाजूला ठेवा. दोन वर्षांखालच्या मुलांना ती देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही साधारणपणे टाळावीत, असं केंद्रीय आरोग्य खात्याच्या ऑक्टोबर २०२५ च्या सूचनेत आहे.

डासांबाबत एकच गैरसमज दूर करायला हवा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. दुपारच्या झोपेलाही ती लावा. डीट हे डास पळवणारं रसायन असलेलं क्रीम दोन महिन्यांवरच्या मुलाला चालतं, ३० टक्क्यांपर्यंत. हाताचे पंजे आणि चेहरा सोडून लावायचं, कारण बोटं तोंडात जातात. लेमन युकॅलिप्टसचं तेल ‘नैसर्गिक’ असलं तरी तीन वर्षांखाली नको.

लसींसाठी निघण्याच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांना गाठा. गोवर, हिपॅटायटिस ए, टायफॉइड हे तीन विषय काढा. अमेरिकेत मिळणारी टायफॉइडची लस दोन वर्षांखालच्या मुलाला देत नाहीत. भारतातली कॉन्जुगेट लस सहा महिन्यांपासून देतात, ती ठाण्यात कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे मिळेल, मात्र संरक्षण तयार व्हायला दोनेक आठवडे जातात.

विमानतळावरून येताना सीएनजी टॅक्सी ठरवली असेल तर डिकीत टाकी असते, चार मोठ्या बॅगा मावत नाहीत. मोठी गाडी आधीच सांगा आणि ‘मागचे पट्टे सीट कव्हरच्या वर काढून ठेवा’ हेही सांगा, बहुतेक वेळा ते खाली दाबलेले असतात. अमेरिकन कार सीट बसवताना अडचण अशी की तिथले पट्टे ओढून लॉक होतात, इथल्या बऱ्याच गाड्यांचे फक्त झटका बसला तर होतात. त्यासाठी सीटबरोबरची लॉकिंग क्लिप शोधून बॅगेत टाका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर १,००० रुपये दंड आहे, हे काका-मामांना सांगायला उपयोगी पडतं. बाबागाडी मॉलपुरती. नौपाड्याच्या फुटपाथवर ती ढकलण्यापेक्षा अंगाला बांधायचा कॅरियर बरा.

डायपर तीन दिवसांपुरतेच आणा, इथे किलोप्रमाणे मापं असतात आणि चड्डीसारखे ओढायचे जास्त मिळतात. वापरलेला कागदात गुंडाळून, लाल खूण करून वेगळा द्या. घामोळ्याला पावडर थापू नका, सुती झबलं आणि एसी २६ वर. मूल प्रवासातच दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला त्याचं स्वतंत्र तिकीट लागतं, जाताना मांडीवर बसलं असलं तरी. ओसीआय कार्ड असेल तर ते आणि चालू पासपोर्ट दोन्ही हातातल्या बॅगेत.

आणि परत गेल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला तर तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की मूल मुंबईजवळ राहून आलंय. तिथे ताप म्हणजे पाळणाघरातला विषाणू असं गृहीत धरतात. टायफॉइड तीन आठवड्यांनीही वर येतो आणि व्हायव्हॅक्स मलेरिया काही महिन्यांनीसुद्धा, त्यामुळे मलेरियाची रक्ततपासणी आणि ब्लड कल्चर तुम्हीच मागून घ्या.